कुणाच्या हातून

प्रिय बारक्या,

फोन सोडून ताईने पत्र का पाठवलं, असं तुला वाटेल. तू फोन उचलतोस तो एका हातात झारा धरून. मागे भांड्यांचा खणखणाट, कुणीतरी मीठ मागतंय, आणि दोन वाक्यं झाली नाहीत तोच "ताई, नंतर बोलतो". मला जे सांगायचंय ते त्या गोंगाटात सांगण्यासारखं नाही. शिवाय मी काही विचारलं की तू हसण्यावारी नेतोस, आणि तू हसलास की माझं पुढचं बोलणं राहूनच जातं. म्हणून आज लॉन्ड्रीतून सुट्टी घेतली, पाय स्टुलावर टाकले आणि लिहायला बसले. चिमी शाळेत आहे, सासूबाई आतल्या खोलीत पडल्यात. मी काय लिहितेय म्हणून त्या दोनदा डोकावून गेल्या. वाण्याची यादी आहे, असं सांगितलंय. त्यांना ते पटलेलं नाही. आमच्या घरात हल्ली कुणालाच कुणाचं पटत नाही, त्याचीच ही हकीकत.

दाजी दुकानात चक्कर येऊन पडले, इस्पितळात होते, आता बरे आहेत, एवढंच तुला ठाऊक आहे. ती चक्कर नव्हती. आणि सुरुवात पडण्यापासून झाली नाही, बरीच आधी झाली. दाजींचा हात किती हलका ते तू पाहिलंयस. गिऱ्हाईक दाढी करताना झोपून जायचं, मग त्याला उठवायला लागायचं. तर गेल्या हिवाळ्यात त्यांच्या हातून समोरच्या बँकेतल्या कॅशियरसाहेबांना वस्तरा लागला. हनुवटीखाली लहानशी चीर, पण पांढऱ्या कापडावर रक्त म्हणजे थोडं असलं तरी भरपूर दिसतं. दाजींनी तुरटी लावली, माफी मागितली. साहेब मान हलवून उठले. जाताना मात्र दुकानातल्या भागीदाराच्या कानाला लागले की तुमच्या दोस्ताचा हात थरथरतो, सकाळी सकाळीच घेतो की काय. भागीदाराने ते बायकोला सांगितलं आणि तिने मला. सांगताना तिचा चेहरा इतका दुःखी होता की तिला मजा येतेय हे लगेच कळलं.

तू मला लहानपणापासून संशयी म्हणतोस. मी कपड्यांच्या धंद्यातली बाई आहे रे. कॉलर, बाह्या आणि खिसे बघून मी माणसाची आठवड्याची हकीकत सांगते. त्या दिवसापासून दाजींचा शर्ट धुवायला टाकण्याआधी मी नाकाशी धरायला लागले. तेलाचा वास, पावडरचा, घामाचा. दारूचा नाही. मग मी ठरवलं की दाजी वास न येणारं काहीतरी घेतात. संशयाचं असंच असतं बघ. पुरावा मिळाला नाही की आपण म्हणतो, पुरावा लपवलाय.

मग जेवताना एक नवीनच प्रकार सुरू झाला. घास हातात धरून ते मध्येच थांबायचे. नजर भिंतीवर, ओठ नुसते चावल्यासारखे हलतायत, हाक मारली तर ऐकू नाही. थोड्या वेळाने जागे झाल्यासारखे बघायचे आणि विचारायचे, "काय म्हणत होतीस?" मी काहीच म्हणत नसायचे. माझ्या मनात पाल चुकचुकली. ह्या माणसाचं चित्त घरात नाही, मग आहे कुठे? दुकानाच्या वरच्या मजल्यावर शिवणकाम शिकवणाऱ्या बाई आहेत, आठवतात ना, त्या उंच, चष्म्याच्या? एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी सरळ दुकानात जाऊन धडकले. बाई वर मुलींना काज घालायला शिकवत होत्या. दाजी मागच्या खोलीत आरशाच्या थंड काचेला कपाळ टेकवून उभे होते, डोळे मिटून. फळीवर पावडरचा डबा होता, तो इतका हलका लागला की मी उघडून पाहिला. आत पावडर नव्हती, डोकेदुखीच्या गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या कोंबलेल्या होत्या. मी म्हटलं, "हे काय?" तर म्हणाले, "तुला सांगितलं की तू चौकशी लावतेस. आधीच डोकं दुखतंय, त्यात चौकशी कुठे सोसू?" मी रागाने तशीच कामावर परत गेले. दवाखान्यात न्यायचं सुचलं नाही. बाई नाही, बाटली नाही, याच समाधानात होते.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ते पडले. भरदुपारी, एका गिऱ्हाइकाचे अर्धे केस कापून झालेले असताना. मला लॉन्ड्रीत निरोप आला तशी मी धावत सुटले. दाजी कापलेल्या केसांमध्ये आडवे पडले होते. उजवा हात आणि पाय झटके देत होते, डोळे वर गेलेले, तोंडातून फेस. गर्दीतला एक शहाणा त्यांच्या दातांत चमचा घालायला निघाला होता, भागीदाराने त्याला ढकलून दिलं आणि दाजींना कुशीवर वळवलं. ते अर्धे केस कापलेले गृहस्थ गळ्यात कापड तसंच घेऊन आमच्याबरोबर इस्पितळापर्यंत आले. चांगला माणूस. नंतर भागीदाराने त्यांचे उरलेले केस तिथेच बाकावर बसवून कापले म्हणे.

इस्पितळात डोक्याचा फोटो काढला, ते मशीन घुमतं तसला. मेंदूच्या डॉक्टर बाई आहेत, आखूड केसांच्या, पेन कानामागे खोचणाऱ्या. त्यांनी फोटो उजेडावर धरला. मेंदूत ठिकठिकाणी मटाराएवढे गोल डाग, पाण्याने भरल्यासारखे, आणि एकाच्या आत पांढरा ठिपका. मी मनात म्हटलं, संपलं, कॅन्सर आहे. बाई म्हणाल्या, "कॅन्सर नाही. या किड्याच्या गाठी आहेत. हा ठिपका म्हणजे त्याचं डोकं." सासूबाई शेजारीच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "किडा आमच्या सुनेच्या डोक्यात आहे, संशयाचा. माझ्या मुलाच्या डोक्यात कुठून येईल?" पायाखालची जमीन सरकलेली असताना मला हसू फुटलं. डॉक्टर बाईंना वाटलं असेल, घरच वेडं दिसतंय.

मग त्यांनी विचारलं, "डुकराचं मांस कोण खातं?" मी उसळले. आमच्या घरात साधं अंडं शिजत नाही, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत? तू वर्षभर त्यावरून कुरकुरत होतास. त्या शांतपणे म्हणाल्या, "यांनी खाल्लेलं नसेलही. खाल्लं असेल दुसऱ्याच कुणीतरी." आणि समजावून सांगितलं. ते मी तुला त्यांच्याच शब्दांत सांगते, कारण मी ते इतक्यांदा घोळवलंय की पाठ झालंय. डुकराच्या मांसात या किड्याच्या गाठी असतात. तसलं मांस अर्धकच्चं राहिलं आणि कुणी खाल्लं, तर त्याच्या आतड्यात लांबलचक, चपटा किडा वाढतो. वर्षानुवर्षं राहतो. त्या माणसाला बहुतेक वेळा काही जाणवतही नाही. पण शौचातून त्या किड्याची अंडी बाहेर पडतात, डोळ्यांना न दिसणारी. हात नीट धुतले गेले नाहीत, नखांत काही राहिलं, आणि त्याच हातांनी पाणी भरलं, काकडी चिरली, ताट वाढलं, की अंडी दुसऱ्याच्या पोटात जातात. तिथून रक्तात, आणि रक्तातून मेंदूत, डोळ्यांत, स्नायूंत. तिथे त्यांच्या गाठी होतात. काही वर्षं मुकाट बसतात, मग डोकेदुखी, झटके. म्हणजे मांस खाणारा हिंडताफिरता राहतो, आणि फिट येते ती त्याच्या हातचं जेवणाऱ्याला.

उपचाराचं थोडक्यात सांगते. आधी झटके थांबवायच्या गोळ्या. मग डोळे तपासले, कारण डोळ्यात गाठ असली तर औषधाने नजर जाऊ शकते. डोळे सुदैवाने स्वच्छ निघाले. मग सूज आटोक्यात ठेवायचं औषध, आणि त्याच्या जोडीला किडा मारायचं. ते घेताना दाजींना इस्पितळातच ठेवलं होतं, आणि बरं झालं ठेवलं. किडा मरताना मेंदूला सूज येते. दाजी डोकं धरून कण्हत होते, मला दुसऱ्याच नावाने हाक मारत होते, एकदा तर स्वतःच्या आईला ओळखेनात. आता पुन्हा फोटो काढला तर बहुतेक गाठी विरल्यात, एक चुन्याच्या खड्यासारखी होऊन बसलीय. गोळ्या अजून बराच काळ चालणार. वस्तरा बंद. ते कात्रीने नुसते केस कापतात, दाढ्या भागीदार करतो. कॅशियरसाहेब मात्र परत आले, दाजींकडूनच केस कापून घेतात आणि नजर चुकवतात.

पण "दुसऱ्याच कुणीतरी" हे शब्द घरात शिरले ते शिरलेच. डॉक्टर बाईंनी सांगितलं होतं की घरातल्या सगळ्यांची शौचाची तपासणी करा, एकदा नाही, पुन्हा पुन्हा. तेव्हापासून आम्ही एकमेकांच्या नखांकडे बघायला लागलो. सासूबाई मोरीतून आल्या की चिमी कान टवकारून बसते, साबणाचा आवाज आला का. सासूबाईंनी स्वतःचं पाण्याचं भांडं वेगळं केलं आणि वर झाकणाला दोरा बांधला. मी भाजी चिरायला बसले की त्या शेजारी येऊन उभ्या राहतात, मला मदत करायला म्हणून, आणि बघतात माझ्या हातांकडे. त्यांचा पहिला संशय नाक्यावरच्या रसवाल्यावर होता. दुसरा माझ्यावर, कारण मी परक्यांचे मळके कपडे हाताळते. नमुन्याच्या बाटल्या मी जेवणाच्या पिशवीतून प्रयोगशाळेत नेल्या, त्यामुळे ती पिशवी आता घरात कुणी हातात घेत नाही. मी, चिमी, सासूबाई, खुद्द दाजी, सगळ्यांचे अहवाल स्वच्छ आले. वाटलं होतं सगळे सुटकेचा श्वास सोडतील. तसं झालं नाही. घरातलं कुणी नाही, मग कोण? दोषी सापडला असता तर निदान जेवताना घास सुखाने उतरला असता.

अहवाल बघून डॉक्टर बाईंनी सहज विचारलं, "गेल्या काही वर्षांत कुणी तुमच्याकडे राहून गेलंय का? स्वयंपाक करणारं वगैरे?" मी म्हटलं, "नाही." ते नाही माझ्या तोंडून इतक्या झटकन निघालं की मलाच माझा संशय आला.

बारक्या, तू आमच्याकडे आलास तेव्हा किती वाळला होतास. डोंगरातल्या त्या रस्त्याच्या कामावर दोन हंगाम आचारी राहून आला होतास. माझे गुडघे तेव्हा धरले होते, लॉन्ड्रीतून आले की उभं राहवत नव्हतं. तू आपण होऊन स्वयंपाकघर ताब्यात घेतलंस. चिमी तुझ्या मागे मागे फिरायची. तू काकडी इतकी पातळ चिरायचास की तिच्यातून खिडकी दिसायची, आणि ती पहिली चकती दाजींच्या तोंडात भरवायचास, दाद घेण्यासाठी. जेवताना तुझ्या त्या मजुरांच्या तळावरच्या गोष्टी. कामगारांनी पाळलेली डुकरं, कशी झाडीत मोकाट फिरायची, माणसं जिथे परसाकडे बसायची तिथेच चरायची. पगाराच्या दिवशी एक कापायचे, आणि भूक इतकी की जाळावरचं आत लाल असतानाच ओढून घ्यायचे. सासूबाई ताटावरून उठून जायच्या, म्हणून तू मुद्दाम सांगायचास. आम्ही पोट धरून हसायचो. हे सगळं मला त्या डॉक्टर बाईंच्या समोरच्या खुर्चीत बसल्या बसल्या आठवलं, आणि तरी मी नाही म्हटलं.

घरी येऊन गप्प राहिले. तोंडात गुळणी धरल्यासारखी मी वावरत होते, दाजींना ते कळल्याशिवाय कसं राहील? एका संध्याकाळी कात्र्यांना तेल देता देता त्यांनीच विषय काढला. "तुला बारक्यावर संशय आहे ना?" मी तेलाची बाटली उचलून बाजूला ठेवली. मग म्हणाले, "मलाही आहे. आजचा नाही, इस्पितळात फोटो दाखवला त्या दिवसापासून." तू आमच्याकडे असताना एकदा मोरीतून हसत बाहेर आला होतास म्हणे, आणि त्यांना म्हणाला होतास, "दाजी, माझ्या पोटातून पायजम्याच्या नाडीचे तुकडे पडतायत, पांढरे." दोघं खूप हसलात. दाजी म्हणाले होते, नाडी नीट गिळत जा. मला कुणी सांगितलं नाही, कारण मी चौकशी लावते. डॉक्टर बाईंनी त्या किड्याचे तुटलेले तुकडे कसे दिसतात ते सांगितलं, तेव्हा दाजी पलंगावर पडून ऐकत होते आणि त्यांनी डोळे मिटून घेतले होते. मला वाटलं होतं, दुखतंय.

मी म्हटलं, त्याला सांगायला हवं. त्यांनी साफ नकार दिला. म्हणाले, "त्या पोराकडे हाताच्या चवीशिवाय दुसरं काय आहे? त्याच हाताने हे झालं असं कळलं तर तो झारा पुन्हा धरणार नाही. झालं ते झालं. मी बरा आहे." मी म्हटलं, आणि तो जिथे रांधतो त्या वसतिगृहातली मुलं? त्यावर ते कात्री पुसत राहिले. आमचा अबोला झाला. मी अर्धवट काहीतरी करायचं म्हणून तुला फोन केला, आणि आडून विचारलं, तुला कधी जंत वगैरे झाले होते का रे. तू हसलास. पण नेहमीसारखा नाही. लगेच विचारलंस, "का गं ताई?" मी म्हटलं, सहज. तू म्हणालास, "नंतर बोलतो," आणि त्यानंतर फोन केला नाहीस.

परवा तुझ्या बायकोचा फोन आला. तू आंघोळीला गेला होतास, ती दबक्या आवाजात बोलत होती. तिच्यावर रागावू नकोस, तिला पाचवा महिना आहे आणि ती घाबरलीय. म्हणाली, यांचं डोकं महिनाभर दुखतंय, मला सांगतात चुलीच्या धगीने. मागच्या आठवड्यात भाताचं पातेलं हातातून सुटलं, तोंड एका बाजूला ओढल्यासारखं झालं, थोडा वेळ बोलता येईना. मग म्हणाले, ताईला सांगू नकोस. आणि ताई, त्यांनी दुकानातून पोटातले किडे मारायची गोळी आणलीय, मला म्हणतात कुणाला बोलू नकोस, ही घेतली की सगळं निस्तरेल.

तू माझं बोलणं समजलास, बारक्या. मी सहज विचारलं आणि तू सगळं जोडलंस, माझाच भाऊ तू. तिला मी बजावलं, मी कळवेपर्यंत ती गोळी त्याला घेऊ देऊ नकोस, आणि फोन ठेवला तर दाजींनी न विचारताच बॅग काढली. म्हणाले, "लिही त्याला, लवकर लिही. आणि पहिल्यांदा म्हण, गोळी गिळू नकोस." मी मात्र ते शेवटी लिहितेय, आधी कारण कळल्याशिवाय तू ऐकणारा नाहीस म्हणून. काल मी डॉक्टर बाईंकडे जाऊन माझं ते नाही परत घेतलं. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी सांगितलं ते असं, की ज्याच्या पोटात हा किडा असतो त्याच्या स्वतःच्याच हातून त्याच्या डोक्यात गाठी होण्याची भीती सगळ्यात जास्त. आणि अशा माणसाने डोक्याचा फोटो काढल्याशिवाय पोटातल्या किड्याची गोळी घेतली, तर काही गोळ्यांचं औषध मेंदूतल्या गाठींपर्यंत पोचतं, त्या एकदम मरतात, आणि तशी सूज घरात, एकट्याने, इस्पितळाबाहेर आली तर माणूस हाती लागत नाही. दाजींना मी त्या सुजेत पाहिलंय. म्हणून हे पत्र. कुणामुळे कुणाला झालं याचा निवाडा करायला नाही, तो निवाडा आम्ही दोघांनी कधीच केलाय आणि गिळून टाकलाय. ती गोळी बायकोच्या हातात दे. वसतिगृहात आजारपणाची रजा सांग आणि तुझी तपासणी होईपर्यंत स्वयंपाकघरात पाऊल टाकू नकोस, मुलांच्या तपासणीचं काय करायचं ते डॉक्टर बाई तिथल्या लोकांशी बोलणार आहेत, तू तोंड लपवायचं कारण नाही. आंघोळ एकट्याने कडी लावून करू नकोस. शनिवारी पहिल्या गाडीने मी आणि दाजी येतोय. दाजी तुला फोटोच्या मशीनपर्यंत सोबत करतील, आत किती आवाज होतो ते त्यांना माहीत आहे. आणि तू परत येईपर्यंत चूल मी सांभाळेन. तुझ्यासारखं जमणार नाही, पण वाढेन ते मुकाट्याने जेव.

तुझीच,
ताई